शकुबाईच्या हातची कढी

सतरा वर्षं शाळेत पोरांसाठी रांधणाऱ्या शकुबाईला सगळ्यात जास्त भीती पालीची वाटायची. घरातल्या पालीचं तिला काही नव्हतं, मान वर करूनही बघायची नाही. शाळेच्या स्वयंपाकखोलीत मात्र ती आधी टिनाच्या छताचा कोपरा न् कोपरा न्याहाळायची, मग झाकण उघडायची. तांदूळ तीनदा निवडायची. फोडणीच्या तेलाचा वास घ्यायची. जेवण तयार झालं की आधी स्वतः एक घास खायची आणि पोरांना वाढेपर्यंत स्वतःच्या पोटाकडे लक्ष ठेवून बसायची. दूर कुठल्याशा शाळेत जेवणातून विषबाधा झाल्याची बातमी तिनं एकदा टीव्हीवर पाहिली होती. ओळीनं निजवलेली लेकरं तिच्या डोळ्यांसमोरून हलली नाहीत ती नाहीतच.

"एवढं भेव लागते तं काम सोडून दे ना," तिचा नवरा भिवाजी म्हणायचा. तो संत्र्याच्या बागेत राखणीला होता, बोलायला कमी, भांडायला त्याहून कमी.

"आन् मंग कोन रांधन? थे रजनी? तिच्या हातून मीठ दोनदा पडते."

रजनी तिची जोडीदारीण. वयानं निम्म्याची, हाताला जलद आणि तोंडाला त्याहून जलद. दोघी मिळून त्रेचाळीस पोरांचा स्वयंपाक करायच्या. मध्य प्रदेशच्या हद्दीत, मोहगावच्या अलीकडे, संत्र्याच्या बागा आणि कापसाच्या वावरांत दडलेलं ते खेडं. कापूस फुटला की बाया उजाडायच्या आत वेचणीला निघायच्या. पोरं चहात टोस्ट बुडवून किंवा कालची पोळी हातात घेऊन शाळेत यायची. दुपारी दीडच्या जेवणाकडे त्यांचे डोळे लागलेले असायचे, हे शकुबाईला ठाऊक होतं. म्हणूनच तिला भीती जास्त वाटायची. उपाशी पोर वास घेत नाही, चव बघत नाही, नुसतं गिळतं.

त्या वर्षी शाळेत प्रज्ञा मॅडम नव्या आल्या. तालुक्याच्या गावच्या, सौंसरच्या. उत्साही बाई. एका सोमवारी त्यांनी तिसरी-चौथीच्या पोरांना कागद वाटले आणि सांगितलं, घरचं जेवण आणि शाळेचं जेवण, तुम्हाला कोणतं आवडतं ते लिहा. खरंखरं लिहा, कोणी रागावणार नाही.

हे शकुबाईला कळलं ते पोरं जेवायला बसल्यावर. कळलं आणि तिच्या हातातला डाव थांबला.

"काय लिवलं रे तुमी?" तिनं ओळीतल्या पोरांना विचारलं.

पोरं एकमेकांकडे बघून हसली. कोणी सांगेना. शकुबाईला वाचता येत नव्हतं, सहीपुरतं येत होतं. त्या दिवशी भांडी घासताना तिच्या मनात एकच. कोणी लिहिलं असेल भाजी पातळ, कोणी लिहिलं असेल पोळी कच्ची. कागद वर जातील. वरून साहेब येतील. जेवणाचं काम ज्यांच्याकडे होतं त्या बचत गटाच्या, समूहाच्या बाया म्हणतील, शकुबाईला काढा.

मंगळवारी तिनं धीर करून मॅडमला गाठलं. "मॅडम, थे कागद फाडून टाका ना. पोट्ट्यायले काय समजते?"

"अहो शकुबाई, बसा तर खरं. वाचून दाखवते." मॅडम हसल्या आणि वाचायला लागल्या. पोरांनी शाळेच्या हिंदीत घरची मराठी मिसळली होती. एकानं लिहिलं होतं, 'घर की रोटी गरम रहती है पर रोज नहीं रहती.' ऋतुजा नावाच्या मुलीनं लिहिलं होतं की घरी बाबा जेवल्याशिवाय जेवायला मिळत नाही, शाळेत सगळे एकदम बसतात. केतननं लिहिलं होतं की घरचा ठेचा शाळेत पाहिजे. गौरवनं लिहिलं होतं की शाळेची डाळ पातळ असते पण तीनदा मिळते.

"पातळ?" शकुबाई पुटपुटली.

"आणि हे ऐका. श्रुती, छायाबाईंची. 'शाळेची कढी आईच्या कढीपेक्षा चांगली. शाळेच्या कढीत पकोडे असतात, आईच्या कढीत नुसती मिरची.'"

शकुबाईला हसू आलं. मॅडमनी ते सगळे कागद व्हरांड्याच्या भिंतीला लावले. बडे सरांनीही वाचले, मान डोलावली. वसंत सर मुख्याध्यापक होते, गाव त्यांना बडे सरच म्हणायचं.

रजनीला मात्र हे पोटात ठेवणं जमलं नाही. बुधवारी दुपारचं काम आटोपून ती कापसाच्या वावरात बहिणीला भेटायला गेली आणि पंधरा-वीस बायांसमोर मोठ्यानं सांगून आली, "आमच्या शाळेची कढी लय भारी! छायाची पोरगी लिवते, मायच्या कढीत नुसती मिरची!"

बाया खो खो हसल्या. छायाही तिथंच ओटीत कापूस वेचत होती. ती हसली नाही.

गुरुवार हा पुलाव आणि कढीचा दिवस. शकुबाईनं ताक घुसळून घेतलं, बेसन चाळून घेतलं, छत बघितलं, झाकणं बघितली. बडे सरांनी नेहमीसारखी वाटीभर कढी चाखून वहीत सही केली. पोरं ओळीनं बसली. वाढता वाढता शकुबाईला व्हरांड्याच्या टोकाला श्रुती दिसली, खांबाला टेकून उभी, हातात ताट नाही.

"ये व श्रुती, आज तुयी कढी हाय."

"मले भूक नाही आजी. पोट भरलं हाय."

आठ वर्षांची पोर, आणि कढीला नाही म्हणते? शकुबाईनं तिच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. मागून पोरं "आजी, पकोडा! आजी, पकोडा!" ओरडत होती. ती पुन्हा वाढायला वळली. दोन वाजता तिनं आणि रजनीनं उरलेला कढी-पुलाव खाल्ला, भांडी घासली, आणि तीनच्या सुमाराला शकुबाई घरी आली.

चार वाजायला आले होते. अंगणात ती पाय धुवत होती, तेवढ्यात रजनी धावत आली. चेहरा पांढराफटक.

"मावशी, पोट्टे ओकून रायले! पाच-सहा जन! श्रुती तं खालीच पडली!"

शकुबाईच्या हातातला गडवा घरंगळत गेला. पायात चपला न घालताच ती निघाली, आणि शाळेच्या फाटकातच थांबली. आत गलका होता. पोरं व्हरांड्यात आडवी केली होती, उलट्या चालू होत्या, एक पोरगं पोट धरून कळवळत होतं. ॲम्ब्युलन्स बोलावली होती, पण कोणाचा तरी पिकअपच आधी आला. बाया वावरातून धावत येत होत्या, ओटीतला कापूस रस्त्यावर सांडत. त्यातल्या एकीनं शकुबाईला फाटकात पाहिलं आणि किंचाळली, "काय घातलं व पोरायले?"

शकुबाईला पाल आठवली. झाकण ठेवताना आपण बघितलं होतं ना? दोनदा बघितलं होतं. पण पकोडे तळताना? तेव्हा पातेलं उघडं होतं. किती वेळ उघडं होतं?

बडे सरांनी तिला बाजूला घेतलं. तेही घामाघूम झाले होते. "शकुबाई, कढी मीही खाल्ली. मला काही झालं नाही. पण लोक ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत. तहसिलीतून माणसं येतायत, भांडी सील करतील. तुम्ही घरी जा."

ती घरी आली. स्वतःच्या पोटावर हात ठेवून बसली. दुखत नव्हतं. मळमळत नव्हतं. दुखावं असंही तिला वाटत होतं आणि दुखेल याची भीतीही वाटत होती. दुखलं तर कढी वाईट ठरणार. नाही दुखलं, तर मग लेकरांना झालं काय?

भिवाजी बागेतून आला. त्यानं तिची पिशवी काढली, दोन लुगडी आत कोंबली. आयुष्यात तो इतका घाईत कधी दिसला नव्हता.

"पांढुर्ण्याले जाय, सुचिताकडं. आठ दिस राय."

"पळून जाऊ?"

"पोरायच्या बापायनं हात उचलला तं म्या कोनाकोनाले आडवू? जाय म्हनतो ना."

सुचिता त्यांची मुलगी, पांढुर्ण्याला दिलेली. भिवाजीनं शकुबाईला मागच्या वाटेनं रस्त्यावर आणून जीपमध्ये बसवलं. जीपमध्ये आणखी चार माणसं होती आणि ती चौघंही शाळेचंच बोलत होती. शकुबाईनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला. "कढीत पाल पडली म्हनते," एक जण म्हणाला. "रांधनारीले आत टाकाले पाह्यजे," दुसरा म्हणाला. पदराआड तिचे दात एकमेकांवर वाजत होते. ते ऐकू येऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात धरला.

सौंसरला पांढुर्ण्याची बस लागलेलीच होती. कंडक्टर हाका मारत होता. शकुबाईनं पायरीवर पाय ठेवला. आत एक बाई लेकीला डब्यातलं काहीतरी भरवत होती आणि लेक तोंड फिरवून म्हणत होती, भूक नाही.

शकुबाईचा पाय पायरीवरच राहिला.

श्रुतीनं कढी खाल्ली नव्हती. पुलावही नाही. ताटच घेतलं नव्हतं तिनं. आणि रजनी म्हणाली होती, श्रुती तर खालीच पडली. सगळ्यांत जास्त तिलाच झालं होतं.

"चढून रायली का बाई?" कंडक्टर ओरडला.

ती उतरली. पोरांना नेलं होतं त्या दवाखान्याकडे चालू लागली, पण चार पावलं टाकून थांबली. तिथं आया असतील, बाप असतील. आपलं कोण ऐकणार? सगळे म्हणतील, स्वतःला वाचवायला खोटं बोलते. बस सुटायच्या बेतात होती. अजूनही चढता आलं असतं. पण पोरीच्या पोटात कढी नसेल तर दुसरं काहीतरी होतं, आणि ते काय होतं हे डॉक्टरला माहीत नव्हतं. याची भीती त्या सगळ्या माणसांच्या भीतीपेक्षा मोठी निघाली. ती पिशवी छातीशी धरून जवळजवळ पळतच गेली.

सरकारी दवाखान्याच्या दारात गावातली माणसं उभी होती. ती खाली मान घालून त्यांच्यामधून आत शिरली. कोणी ओळखायच्या आत वॉर्डात पोचली. एकेका खाटेवर दोन-दोन पोरं, सलाईनच्या बाटल्या, ओकारीचा आंबट वास. श्रुती भिंतीकडच्या खाटेवर होती. ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले. उशाशी छाया, केसांत अजून कापसाचे धागे.

छायानं मान वर केली आणि ताडकन उठली. "काहून आली व म्हातारे? मेली का जित्ती हाय, पाह्याले आली काय?"

वॉर्डातल्या माना वळल्या. शकुबाईनं खाटेची दांडी धरली.

"छाया, मले मार, पन आधी आयकून घे. तुया पोरीनं आज माया हातचं काहीच खाल्लं नाही. म्या बलावलं, थे म्हने पोट भरलं हाय. ताट घेऊन बसलीच नाही थे."

"खोटी बोलू नको!"

"माया पोरीची आन. इचार तिले. जेवली नाही तं तिच्या पोटात हाय काय? डॉक्टरले सांगा लागन ना, बाई."

छाया पुन्हा ओरडायला गेली आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं. ती हळूच खाटेवर टेकली.

"श्रुती," ती म्हणाली, "जेवली नाही तू शाळेत?"

पोरीनं डोळे उघडले. आईकडे बघितलं आणि अंग चोरून भिंतीला सरकली. तिला मार अपेक्षित होता, ते सगळ्यांना दिसलं.

शकुबाई खाली वाकली. "कोनी नाही मारत तुले. म्या हाव ना इथं. सांग, काय खाल्लं?"

श्रुतीचा अगदी बारीक आवाज आला. "आईनं म्हटलं होतं, शाळेत जेवली तं याद राख. म्या नाही जेवली. मंग लय भूक लागली. गौरवनं बिया फोडून देल्या. शेंगदाण्यावानी लागते."

"कोनत्या बिया?"

"कुंपनाच्या."

खाटेखाली पोरीचा ओकारीनं भरलेला फ्रॉक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला होता. छायानं पिशवी उघडली, खिसा उलटा केला. तीन काळ्या लांबट बिया तळहातावर पडल्या. रतनजोत, विषारी मोगली एरंड. शाळेच्या मागे कुंपणाला कधीकाळी सरकारी योजनेत लावलेली, गुरंही तोंड न लावणारी.

शकुबाईनं त्या बिया मुठीत घेतल्या आणि डॉक्टर डॉक्टर करत वॉर्डाबाहेर धावली. तरुण डॉक्टरांनी बी हातात घेऊन एकदाच बघितलं. "अन्नाची विषबाधा समजून चाललो होतो आम्ही. किती पोरांनी खाल्ल्या? नीट विचारा. घरी गेलेलं कोणी आहे का?"

श्रुतीनं नावं सांगितली. खाटेवरची पाच जण होतीच. आणि ऋतुजा. ऋतुजा त्यांच्यात नव्हती.

"थे घरी गेलती," श्रुती म्हणाली. "शाळा सुटाच्या आधीच. पोट दुखते म्हने."

ऋतुजाचं घर गावाच्या पार टोकाला, बागेला लागून. आईबाप दोघं रामाकोन्याला नातेवाइकाकडे गेलेले. शकुबाईनं भिवाजीला फोन लावला. रिंग जात होती. एकदा गेली, दुसऱ्यांदा गेली, तिसऱ्यांदा त्यानं उचलला.

"ऋतुजाच्या घरी पळा. पळा म्हनतो ना! काही इचारू नोका."

पुढची वीस मिनिटं शकुबाई दवाखान्याच्या पायरीवर फोन दोन्ही हातांत धरून बसली. सतरा वर्षांत कल्पिलेली प्रत्येक भयंकर गोष्ट तिनं त्या वीस मिनिटांत पुन्हा पाहिली. मघाशी दारात उभी असलेली माणसं आता तिच्याभोवती गोळा झाली होती. बातमी वॉर्डातून बाहेर आली होती. एकानं तिच्यासमोर पाण्याचा ग्लास धरला. त्यासाठी तिनं फोन सोडला नाही.

फोन वाजला.

"भेटली," भिवाजीला धाप लागली होती. "न्हानीच्या मांगं पडली होती. डोये उघडते, बोलत नाही. फटफटीवर घेऊन निंगालो."

ऋतुजाला सगळ्यांत जास्त वेळ लागला. दोन दिवस ती सलाईनवर होती. ती उठून बसेपर्यंत शकुबाई दवाखान्यातून हलली नाही. बाकीची पोरं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी गेली. रतनजोतीच्या सहा-सात बिया पोटात गेल्या होत्या एकेकाच्या. अजून चार-पाच गेल्या असत्या तर काय, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

कढीचा नमुना तपासून यायला तीन आठवडे लागले. त्यात काही निघालं नाही. पण तोवर स्वयंपाकखोलीला कुलूप होतं आणि पोरं घरून डबे आणत होती. जी आणत होती ती. बाकीची आणलेल्यांच्या डब्याकडे बघत बसायची. प्रज्ञा मॅडमनी भिंतीवरचे कागद काढून टाकले. त्या शकुबाईच्या घरी आल्या, ओसरीवर बसून रडल्या. "मीच लिहायला लावलं. चांगल्या हेतूनं लावलं हो."

"पोरायनं खरंच लिवलं होतं," शकुबाई म्हणाली. "खऱ्याचंच भेव असते मॅडम."

कुलूप निघालं त्या सकाळी ती जाणार नव्हती. भिवाजीनंही आग्रह केला नाही. नऊ वाजता बडे सर स्वतः दाराशी आले. "पोरं विचारतात," एवढंच म्हणाले. ती गेली. पण हातांवरचा भरवसा उडाला होता. मीठ घालताना ती रजनीला विचारायची, घातलं का व म्या? रजनी त्या वीस दिवसांत इतकी गप्प झाली होती की नुसती मान हलवायची.

पहिल्या दिवशी त्रेचाळिसांतली अकरा पोरं जेवायला बसली. बाकीच्यांना घरून बंदी होती. दुसऱ्या दिवशी चौदा. गुरुवारी कढी करायची की नाही यावर शकुबाई सकाळभर अडली होती, शेवटी केली. वाढायची वेळ झाली आणि फाटकातून छाया आत आली. त्या दिवशी वेचणीला गेली नव्हती. एका हातात श्रुतीचा हात, दुसऱ्या हातात घरून आणलेलं स्टीलचं ताट.

ती सरळ पोरांच्या ओळीत, सतरंजीवर बसली. श्रुतीला शेजारी बसवलं.

"वाढा मावशी. आधी मले."

शकुबाईनं वाढलं. डाव ताटाच्या काठावर दोनदा वाजला. छायानं पुलाव कालवला, पकोडा फोडला, घास घेतला. अख्खा व्हरांडा तिच्या तोंडाकडे बघत होता. शकुबाई तिच्या गळ्याकडे बघत होती, घास खाली उतरतो का ते.

"त्या दिशी माह्या पोरीले म्या मारलं," छाया ताटातच बघत बोलली, शकुबाईला ऐकू जाईल इतपतच. "बायका हसल्या म्हनून. येवढ्याशा गोष्टीसाठी. तिले उपाशी ठेवलं म्या." मग जरा थांबून म्हणाली, "बेसन भाजून घेता काय तुमी?"

"नाही व. ताकात कालवतो अन् मंद आचेवर ठेवतो. येक शिटी नाही, काही नाही. ढवळत राहा लागते, बस."

"मले तेवढा टाइम नाही भेटत सकाळी."

"मले मालूम हाय ना बाई."

छायानं ताट साफ केलं, हात धुतला आणि श्रुतीसमोर ताट ठेवून म्हणाली, "खाय आता." श्रुतीनं आईकडे बघितलं, मग शकुबाईकडे, आणि मग खाली मान घालून जेवायला लागली. दोन पकोडे झाले तरी ती हसली नाही. तिसऱ्याला तिनं हात पुढे केला.

त्या आठवड्यात आयांनी आपसांत वार वाटून घेतले. रोज एकीनं येऊन आधी जेवायचं. कुंपणाची रतनजोत भिवाजीनं आणि गावच्या गड्यांनी मुळासकट उपटून जाळली.

शकुबाईची भीती मात्र गेली नाही. ती म्हणते, आता तर जास्तच आहे, कारण पूर्वी वाटायचं आपण झाकण नीट ठेवलं की झालं. आता भांडी घासून झाल्यावर ती तीनला घरी जात नाही. व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहते. चारला घंटा होते, पोरं दप्तरं सावरत फाटकातून बाहेर पडतात, आणि ती मागून एकेक डोकं मोजते. त्रेचाळीस भरले की मगच उठते. एखादं कमी भरलं, तर कोणाचं, कुठे, काहून गेलं, हे कळेपर्यंत तिथून हलत नाही.